जेवणाची सुट्टी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आपल्याकडे ओळखीचा माणूस रस्त्यात भेटला, की 'कसं काय' म्हणण्याआधी 'जेवण झालं का?' असं विचारायची पद्धत आहे. विचारणाऱ्याला आपल्या ताटात काय होतं याच्याशी काही देणंघेणं नसतं. जेवण झालं म्हणजे माणूस बरा आहे, घरचं बरं चाललंय, एवढंच त्याला ऐकायचं असतं. माझं लहानपण सोलापुरात गेलं. तिथे हा प्रश्न आमच्या एका गल्लीत तीन भाषांत ऐकू यायचा. विणकरांच्या घरांतून तेलुगूत, आमच्या घरातून दखनीत 'खाना खाए क्या?' आणि चौकातल्या पारावर मराठीत. उत्तर मात्र तिन्ही भाषांत एकच, 'हो, आत्ताच झालं.' झालेलं असो वा नसो.

दुसरी एक गोष्ट पाहा. कुणाच्या गरिबीबद्दल बोलताना आपण म्हणतो, 'त्याला दोन वेळच्या जेवणाची भ्रांत आहे.' तीन वेळच्या म्हणत नाही. सकाळचा चहा, मग नाश्ता, दुपारचं जेवण, चारचा चहा, त्याबरोबर काहीतरी, रात्रीचं जेवण, असं पाच-सहा वेळा तोंड हलवणारा माणूससुद्धा पोट भरण्याचा हिशेब निघाला की दोनच वेळा मोजतो. माणसाच्या सवयी बदलतात, भाषा मात्र जुनी वही जपून ठेवते. त्या वहीत जेवणं दोन आहेत. बाकी सगळं मधलं.

या दोन जेवणांच्या वेळा ठरवणारं घड्याळ आकाशात होतं. 'दुपार' हा शब्दच घ्या. दुपार म्हणजे दोन प्रहर. सूर्य उगवल्यापासून तीन-तीन तासांचे दोन प्रहर लोटले, सूर्य डोक्यावर आला, की ती दुपार, तेव्हा जेवायचं. दिवस कलला की व्याळू. हा शब्द आता शहरात ऐकू येत नाही. पण तो फार जुना, 'विकाल' या संस्कृत शब्दाच्या कुळातला. तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींच्या जेवणाला 'आरोगणा' आणि रात्रीच्या जेवणाला 'व्याळी' म्हटलेलं आहे. म्हणजे सातशेहून अधिक वर्षं मराठी माणूस संध्याकाळी व्याळू करत होता, आणि गेल्या दोन-तीन पिढ्यांत त्याने ते 'रात्रीचं जेवण' करून टाकलं. दिवे आले, रात्र लांबली, जेवण अंधारात सरकलं.

न्याहारीची गोष्ट वेगळी. न्याहारी हे जेवण नव्हे. ते कामाच्या मधला विसावा. पहाटे औत जुंपणारा माणूस दिवस कासराभर वर आला की बांधावर बसायचा. कासरा म्हणजे बैलाची दोरी. सूर्य क्षितिजापासून दोरीभर वर चढला, ही वेळ. तासांत सांगायची गरज नव्हती. ज्याच्या हातात कासरा आहे त्याला ते बरोबर कळायचं. घरून भाकरी, चटणी, कांदा यायचा. या न्याहारीचं मूळ कोशकार फारसीकडे नेतात. उत्तरेकडे रात्रभर मंद आचेवर शिजवून पहाटे खातात ती 'निहारी' तिची बहीण. 'नाश्ता'ही फारसीच, आणि त्याचा मूळ अर्थ मोठा गमतीचा आहे: सकाळपासून ज्याने काही खाल्लेलं नाही असा, म्हणजे उपाशी. उपाशी माणसाचं नाव त्याच्या खाण्याला मिळालं. इंग्रजांचा ब्रेकफास्ट म्हणजेही उपास मोडणं. आणि अरबीत सकाळच्या खाण्याला 'फतूर' म्हणतात. रमजानच्या 'इफ्तार'चं आणि त्याचं मूळ एकच. थोडक्यात, सकाळी टपरीवर पोहे खाणारा प्रत्येक जण रोज एक छोटा रोजा सोडत असतो. मी हे मित्रांना सांगतो तेव्हा ते हसतात आणि आणखी एक प्लेट मागवतात.

फराळाचं तर विचारूच नका. फलाहाराचा फराळ झाला. उपासाला फळं खायची म्हणून. आता दिवाळीच्या फराळात चकली, चिवडा, करंजी, सगळं आहे, फळ तेवढं नाही. आणि उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी पाहून 'एकादशी, दुप्पट खाशी' असं आपणच आपल्याला चिडवून घेतो. (जाता जाता: समारंभाच्या पत्रिकेत छापतात तो 'अल्पोपहार' नव्हे, 'अल्पोपाहार'. उपहार म्हणजे भेटवस्तू. थोडी भेटवस्तू द्यायची असेल तर गोष्ट वेगळी.)

हे सगळं सांगताना एक खोट राहते. आकाशातलं घड्याळ सगळ्यांना सारखं होतं असं मी सुचवलं, पण तसं ते नव्हतं. पंगत आधी पुरुषांची, मग मुलांची, मग बायकांची. ब्राह्मणाच्या वाड्यात पाट मांडलेले असोत की आमच्याकडे दस्तरखान अंथरलेलं असो, हा क्रम बदलत नव्हता. पुरुषाच्या खाण्याला न्याहारी, जेवण, व्याळू अशी नावं आहेत. बाईच्या खाण्याला नाव नाही. ती 'उरलंसुरलं' खायची, 'मागून' खायची. माझी अम्मा घरी विड्या वळायची. सोलापुरात हजारो घरांत हा धंदा. सूप मांडीवर, सुपात तंबाखू, पानं कापून ओलसर फडक्यात ठेवलेली. हिशेब हजार विड्यांचा. अम्मा कधी जेवायची, हे मला खरंच आठवत नाही. जेवताना तिला पाहिल्याचं आठवतं ते फक्त वर्षातल्या एका महिन्यात. त्या महिन्याकडे मी येणारच आहे.

आधी गिरणीकडे जाऊ, कारण जेवणाची वेळ ही मागायची, भांडून मिळवायची गोष्ट आहे, हे महाराष्ट्राला पहिल्यांदा कळलं ते मुंबईच्या गिरण्यांत. सुरुवातीच्या गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. शेतातला माणूसही उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबायचा; पण त्याचा बैल थांबला की तोही थांबायचा. वाफेचं यंत्र थांबत नाही. त्याला न्याहारी नाही. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. ती भरवणारे नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांनी जो अर्ज केला त्यातल्या मागण्या वाचण्यासारख्या आहेत. रविवारची सुट्टी हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार मिळावा. आणि दुपारी अर्धा तास विसावा मिळावा.

अर्धा तास. मी ती मागणी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ तिथेच अडकलो होतो. ज्या भाषेत दुपार म्हणजेच जेवणाची वेळ, त्या भाषेच्या माणसांना दुपारी बसून खायला अर्धा तास मिळावा म्हणून सरकारला अर्ज करावा लागला. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मालकांनी कबूल केली. आज आपण रविवारची पुरवणी निवांत चाळतो त्यामागे ही तारीख आहे. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या कारखाना कायद्याने मिळाला. पुढे स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, असं कलम आलं. सुपारीबागेतला तो अर्धा तास असा टिकला. त्याला मराठी माणसाने नाव दिलं 'जेवणाची सुट्टी'. सुट्टी म्हणजे सुटणं. आधी बांधलेलं असल्याशिवाय कुणी सुटत नाही.

यानंतर भांडण लागलं ते थेट घड्याळाशी. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाच गेली. चौदा-चौदा तास साचे चालू लागले. त्यातच १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्या देशासाठी एक प्रमाणवेळ लागू केली. तोवर मुंबईचं घड्याळ मुंबईच्या सूर्याप्रमाणे चालायचं. नवी वेळ त्याच्या ३९ मिनिटं पुढे होती. म्हणजे गिरणीचा भोंगा सहाला वाजला, तरी कामगाराच्या शरीराला आणि आकाशातल्या सूर्याला तेव्हा साडेपाचही झालेले नसत. मालकाने घड्याळाचा काटा पुढे सरकवून आपली झोप आणि आपली भाकरी चोरली, असंच कामगाराला वाटलं असणार. त्याच जानेवारीत कित्येक हजार कामगारांनी काम बंद पाडलं, दगडफेक झाली. शहरातल्या हजारो नागरिकांनीही अर्जांवर सह्या करून विरोध केला. 'मुंबई टाइम' हट्टाने चालू राहिला, तो थेट स्वातंत्र्यानंतर काही वर्षांपर्यंत. ज्यांना हा हट्ट हास्यास्पद वाटतो त्यांनी एक प्रयोग करावा. मुंबईत घड्याळात बरोबर बारा वाजता उन्हात उभं राहावं. सूर्य डोक्यावर नसतो. तो येतो पाऊणच्या सुमारास. म्हणजे आपण ज्याला 'दुपारी बारा' म्हणतो ती दुपार नव्हेच.

गिरणीने कामगाराचं जेवण हलवलं, तसं कचेरीने कारकुनाचं हलवलं. कचेरी दहा ते पाच. तेव्हा आमटी-भात नऊ-साडेनऊला जेवून निघायचं, हा अनेक घरांचा शिरस्ता होता. म्हणजे न्याहारीच्या वेळेला जेवण, आणि जेवणाच्या वेळेला काही नाही. ज्यांना इतक्या सकाळी स्वयंपाक मिळत नव्हता त्यांच्यासाठी डबा आला. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवायला सुरुवात केली, असं डबेवाले सांगतात. आणि मग शब्दांची अदलाबदल झाली. साहेबांच्या दुपारच्या हलक्या खाण्याला टिफिन म्हणत. तो आपल्याकडे भांडं झाला. आणि डबा हे भांडं. ते जेवण झालं. 'डबा खाल्लास का?' असं आपण विचारतो, आणि कुणालाही त्यात दातांची काळजी वाटत नाही.

गिरणगावात डब्याच्या जोडीला खानावळ होती. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले पुरुष कुणा बाईकडे जेवायला असत. दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस-तीस माणसांचा स्वयंपाक. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. एकाच चुलीवर कुणाची सकाळ, कुणाची रात्र. रात्रपाळीचा माणूस सकाळी आठला येऊन पोटभर जेवला, तर त्याने काय केलं? न्याहारी की व्याळू? त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, 'जेवलो.' आणि या सगळ्यांना तीन पाळ्यांत वाढणारी ती बाई? तिला कुठल्याच कायद्याने अर्धा तास दिलेला नव्हता. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं, त्यांना बँकेची दारं उघडून दिली. गिरण्यांचा इतिहास भोंग्यापासून सुरू करतात. तो या चुलींपासूनही सुरू करता येईल.

चहाने तर वेळापत्रकात नवीच जागा तयार केली. आपल्या शास्त्रात, रूढीत दुपारी चारला काही नव्हतं. म्हणून त्याला नावही नाही. आपण 'चारचा चहा' म्हणतो किंवा 'मधल्या वेळचं'. गंमत म्हणजे चहाचा पहिला मोठा गाजावाजा पुण्यात झाला तोही त्याच १८९० साली. पंचहौद मिशनमध्ये भाषणाला गेलेल्या मंडळींसमोर चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हाती धरला. नावं छापून आली आणि गावात ग्रामण्य उभं राहिलं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रकरणातून जावं लागलं. पुढे चहाच्या मळेवाल्यांनी १९०३ च्या उपकराच्या पैशातून देशभर प्रचार केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या-कारखान्यांतून चहाची दुकानं उघडली. मालकांना कळलं होतं, की कपभर चहाने भूक दोन तास पुढे ढकलता येते. आज चहाशिवाय कुणाचं प्रायश्चित्तही पार पडणार नाही.

आता वेळा पुन्हा विस्कटल्या आहेत. माझ्या ओळखीची मुलं रात्री कामाला बसतात, कारण त्यांचा साहेब पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला जागा असतो. ती रात्री दोन वाजता फोनवरून जेवण मागवतात. ते घेऊन येणारा पोरगा कधी जेवतो, हे मी एकदा विचारलं. 'ऑर्डर नसली की,' तो म्हणाला. त्याच्या जेवणालाही नाव नाही.

पण घड्याळाने सगळंच जिंकलं, असं समजू नका. एक जागा त्याच्या हाती अजून लागलेली नाही, आणि ती म्हणजे उपास. रमजानचं छापील वेळापत्रक कुठल्याही मशिदीबाहेर मिळतं. ते प्रत्येक शहराचं वेगळं असतं. मुंबईचा तक्ता सोलापुरात चालत नाही. सोलापुरात सूर्य मुंबईआधी दहा-पंधरा मिनिटं मावळतो, नागपुरात वीस-पंचवीस मिनिटं आधी. तोच प्रकार संकष्टीचा. दिनदर्शिकेत चंद्रोदयाच्या वेळा गावोगावच्या वेगळ्या छापलेल्या असतात. मनगटावरचं घड्याळ साऱ्या देशाचं. पण रोजा सुटतो तो आपल्या गावच्या सूर्यावर, आणि संकष्टी सुटते ती आपल्या गावच्या चंद्रावर. १९०६ साली मुंबईकर ज्या गोष्टीसाठी अडून बसले ती अशी दोन शेजाऱ्यांच्या घरांत शिल्लक आहे.

आणि या दोन उपासांची दर वर्षी एकदा गाठ पडते, कारण दोन्ही चंद्राच्या हिशेबाने चालतात. रमजानचा महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, पौर्णिमा चौदा-पंधराव्या रोजाच्या आसपास येते आणि वद्य चतुर्थी त्यापुढे तीन-चार दिवसांनी. म्हणजे साधारण अठराव्या रोजाला संकष्टी. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. आमच्या गल्लीत सापडलं.

१९८६ साली रमजान ऐन मे महिन्यात आला होता. सोलापूरचा मे काय असतो, हे ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. दगडी भिंती रात्री दहालाही तापलेल्या असायच्या. अशा दिवसांत अम्मा रोजा धरून विड्या वळायची. सहरीसाठी तीनला उठणारी तीच, कारण चूल तिलाच पेटवायची. त्यात काही सूट नव्हती. पण त्या महिन्यात एक फरक पडायचा. सहरी संपण्याच्या ठरलेल्या मिनिटाआधी तिलाही खावंच लागायचं, आणि मगरिबच्या अजानला तिलाही खजूर तोंडात घालावाच लागायचा. 'तुम्ही खा, मी मागून खाते' असं म्हणायची सोय नव्हती. अब्बा, आम्ही भावंडं आणि अम्मा, सगळे एका दस्तरखानाभोवती, एकाच क्षणी. बाकीचे अकरा महिने हे दृश्य आमच्या घरात नव्हतं.

शेजारच्या मावशींचा संकष्टीचा उपास कडक असायचा. त्या संध्याकाळी सातच्या आतबाहेर आमचे रोजे सुटले, आणि मावशी ओसरीवर बसून राहिल्या. त्यांचा चंद्र साडेनऊच्या आधी यायचा नव्हता. आमच्या घरात सालन तयार होतं. अब्बा तरावीहच्या नमाजाला गेले. अम्माने सालनाच्या भांड्यावर झाकण ठेवलं, सूप उचललं आणि ती मावशींच्या ओसरीवर जाऊन विड्या वळत बसली. आम्हाला भूक लागली होती. मी विचारलं तर म्हणाली, 'त्यांचं होऊ दे.' त्यांचं काही होत नव्हतं. समोर कडुनिंब होता, त्याच्यामागे आकाश उजळत होतं, पण चंद्र दिसत नव्हता. मावशींचा मुलगा दर पाच मिनिटांनी गच्चीवर पळायचा आणि तसाच खाली यायचा. शेवटी दहाच्या पुढे कधीतरी तो वरून ओरडला. मावशींनी अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला, आणि ताटलीत पाच मोदक घालून ती अम्माच्या हातात ठेवली.

आम्ही जेवून उठलो तेव्हा पोटात जागा नव्हती. अम्माने मोदक फडक्याखाली झाकून ठेवले. पहाटे तीनला तिने आम्हाला उठवलं, ताटली मध्ये ठेवली, आणि पाचांतला एक स्वतः उचलून सगळ्यांच्या आधी तोंडात घातला.